रबराला तेल

आधी बुश म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. जीपच्या खाली पाटे असतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर. पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल भोक असतं आणि त्यातून बोल्ट जातो. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून त्या भोकात एक नळकांडं ठोकून बसवतात, अंगठ्याएवढं जाड. तो बुश. पूर्वी तो पितळी असायचा आणि त्याला ग्रीस-तेल लागायचं. आता रबराचा असतो, त्याला काहीही लागत नाही. तेल लागलंच तर तो कुजतो.

माझं नाव भीमराज. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचं, त्याचे कागद करून घ्यायचे आणि पुढे ती गाडी सांभाळायची, हे माझं काम. इंजिन बसवणं म्हणजे लग्न लावणं, ते कोणीही लावतो. संसार पुढे असतो. डिझेल इंजिन जड असतं, थरथरतं, आणि जुन्या सांगाड्याला त्याची सवय नसते. म्हणून इंजिनाखालची रबरं, पुढचे बुश, रेडिएटरचे पाइप हे सगळं दर सहा महिन्यांनी उघडून बघावं लागतं. गिऱ्हाईक बघत नाही. गाडी रस्त्यात बसली की मग फोन करतं आणि वर मलाच शहाणपण शिकवतं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

सहदेव तसा नव्हता. अख्ख्या धंद्यात गाडीवर असा जीव लावणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मूळचा मालवणकडचा. गिरणीत तेलवाला होता, म्हणजे पाळीभर हातात तेलाची झारी घेऊन मागांच्या साच्यांमधून फिरायचं आणि जिथे फिरतं-घासतं तिथे थेंब सोडायचा. गिरणी बंद झाल्यावर आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात चाऱ्याची जीप चालवायला लागला. मालकाने ती भंगारात काढली तेव्हा यानेच ती घेतली. माझ्याकडे आणली, मी डिझेल इंजिन बसवलं, आणि तेव्हापासून आमची दोस्ती. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, म्हणून मी दादा म्हणायचो. पण अरे-तुरेतला दादा.

त्याची बायको मालन. मालनवहिनी. तबेल्यातल्या भय्यांना दोन वेळचं जेवण करून घालायच्या. चुलीपुढे वाकून वाकून पाठीचा मणका सरकला होता. जीपमध्ये बसल्या की प्रत्येक खड्ड्याला ओठ आवळायच्या, पण रिक्षात बसायचं नाव काढायच्या नाहीत. नवऱ्याची गाडी असताना रिक्षा कशाला, हे त्यांचं उत्तर. सहदेवला ते बघवायचं नाही. दीड वर्षापूर्वी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भीमा, तिच्या पाठीक हादरो बसता. काय तरी कर."

मी पितळी बुश काढले आणि रबरी बसवले. हादरा निम्मा झाला. वहिनींनी फेरी मारून आल्यावर माझ्या हातावर नारळाची वडी ठेवली. सहदेवने विचारलं, "ह्येका काय करूचा लागता?" मी म्हटलं, "काही करावं लागत नाही दादा. विसरून जा."

तेल घालू नको, असं मी म्हटलं नाही. हे खरं आहे. सुचलंच नाही. जो माणूस तीस वर्षं यंत्राला तेल घालत आला, त्याला 'काही करावं लागत नाही' हे वाक्य ऐकूच येणार नाही, हे मला कसं कळावं? तो नेहमी म्हणायचा, "जा हलता, तेका तेल व्हया." आणि रबर तर हलतच होतं.

आठ महिन्यांत ते बुश गेले. काढले तर फुगलेले, मऊ. मी दुकानदाराला फोन लावून आईबहिणीवरून शिव्या दिल्या. डब्यावर मोठं नाव आणि आत हलकं रबर, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, असं बरंच काही बोललो. बुश तेलकट लागत होते, तर मला वाटलं इंजिन गळत असेल. इंजिनाची सीलं बदलली, चांगले बुश आणून बसवले आणि गाडी दिली. सहदेवला विचारायला लांब कुठे जायचं होतं? हातात चहा घेऊन शेजारीच उभा होता. मी विचारलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी, सप्टेंबरातल्या एका दुपारी, दोघं कांदिवलीला यायला निघाले. वहिनींचा नवा चष्मा तयार झाला होता. आरेतल्या उतारावर म्हैस आडवी आली. सहदेवने ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबायची ती डावीकडे ओढली गेली आणि झाडावर आदळली. सहदेवचा हात मोडला. वहिनी डाव्या बाजूला बसल्या होत्या. त्या दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

मला फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली झोपलो होतो. बाहेर यायचं सुचेना. पहिला विचार वहिनींचा आला नाही, हे सांगायला लाज वाटते. पहिला विचार आला, माझ्या हातून काही राहिलं का?

पंचनामा झाल्यावर जीप तबेल्यामागे आणून टाकली होती. सहदेव हॉस्पिटलात होता. मी चौथ्या दिवशी पाने-पकड घेऊन गेलो. कोणाला विचारलं नाही. डावीकडचा पुढचा पाटा उघडला. बुश हाताने ओढला तसा बाहेर आला. खरवसासारखा लिबलिबीत झाला होता. अंगठा दाबला तर आत गेला. ब्रेक लागला की चाक मागे सरकत असणार, आणि चाक सरकलं की गाडी ओढणार. इथपर्यंत सरळ हिशेब होता.

मग मी बोटाला लागलेलं तेल नाकाशी नेलं. इंजिनाचं तेल जळकं लागतं, काळं असतं. हे स्वच्छ होतं, पातळ, मशीनचं तेल. मी उजवीकडचा उघडला. मग मागचे दोन्ही. इंजिनाखालची रबरं बघितली. सगळीकडे तेच तेल, मोजून घातलेलं, कुठे एक ओघळ नाही, कुठे धूळ चिकटलेली नाही. वरून फडकंसुद्धा मारलेलं होतं. इतकं निगुतीचं काम माझ्या गॅरेजात मी स्वतः करत नाही. तिथेच खाली बसलो आणि रडलो. गाडी त्याच्याच हातून गेली होती, आणि वहिनींची पाठ दुखू नये म्हणून गेली होती.

डावा बुश मी फडक्यात गुंडाळून खिशात घातला आणि घरी येऊन ड्रॉवरमध्ये ठेवला. कोणाला काही बोललो नाही.

तेराव्याला गेलो. तबेल्यासमोर कापड बांधलं होतं. पन्नासेक माणसं असतील. निम्मे ड्रायव्हर, त्यांतले कित्येक माझीच गिऱ्हाइकं. सहदेव गळ्यात हात अडकवून खुर्चीवर बसला होता. शेजारी त्याचा पुतण्या देवेश उभा होता, तिशीतला, आरेच्या पाड्यांतली पोरं जीपने शाळेत सोडतो. मला बघितल्यावर सहदेवने हाक मारली.

"भीमा, तू गाडी बघून इलंस मां?"

"हो दादा."

"मगे माका सांग. माझा खय चुकला?" त्याचा आवाज फाटला होता. "दर शनवारी खाली झोपान सगळ्या रबरांका तेल घालीत होतंय. एक शनवार चुकवलंय नाय. तिच्या पाठीक हादरो बसूक नको म्हणान. मगे माझा खय चुकला, सांग."

तो खरोखर विचारत होता. रात्रंदिवस तो तेच विचारत असणार, आणि उत्तर फक्त माझ्या ड्रॉवरमध्ये फडक्यात पडलं होतं. समोर वहिनींचा फोटो होता, जुन्या चष्म्यातला. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, हे उत्तर याला दिलं तर हा जगणार नाही.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं."

आता खोटं बोलायचं तर ते ड्रायव्हरांना पटेल असं बोलायला हवं होतं. म्हणून मी आमच्या धंद्यातली एक खरीखुरी चूक सांगितली, जी मी जन्मात कधी केली नव्हती. म्हटलं, "रबरी बुशाचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून शेवटचे आवळायचे असतात. गाडीचं वजन पाट्यावर आल्यावर. मी घाईत होतो. गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले. खाली उतरवल्यावर रबर पिळलं, रोज थोडं थोडं फाटत गेलं. माझ्या हातून झालं दादा."

सहदेवच्या तोंडावर आधी सुटका दिसली. अक्षरशः सुटका, खांदे खाली आले त्याचे. मग हळूहळू राग चढला. देवेशने माझी कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. सहदेव बसल्या जागेवरून ओरडत होता, "खुनी! माझ्या मालनीक मारलंस तू!" मी चप्पल घालून निघालो.

घरी बायकोला, संघमित्राला, सगळं सांगितलं. ती बोरिवलीच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. तिला चुकीची नोंद खपत नाही, स्वतःची नाही आणि नवऱ्याची तर नाहीच.

"दर रविवारी विहारात पंचशील घेतोस ना तू?" ती म्हणाली. "चौथं शील काय आहे? खोटं बोलणार नाही. मग?"

"मग काय करायला हवं होतं? त्याला सांगायचं, तूच मारलंस म्हणून?"

"अरे पण चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

"यातला चोर कोण ते सांग," मी म्हटलं. ती उठून आत गेली.

धंद्याची वाट लागली, हे वेगळं सांगायला नको. अंधेरीची पोरं, जी सुट्टीच्या दिवशी चिखलात जीपा घालायला जातात, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला, 'भीमराजकडे गाडी टाकू नका, जॅकवर बोल्ट आवळतो.' एकाने मलाच तो चुकून पाठवला. पंचवीस वर्षांत एक बोल्ट लटकत्या गाडीवर आवळला नव्हता मी. त्या मेसेजने जे लागलं ते कॉलर धरल्यानेही लागलं नव्हतं. विहारात चौथ्या शिलापाशी माझा आवाज बंद पडायचा. बाकीचे पुढे जायचे, मी पाचव्याला त्यांना गाठायचो.

सहदेव आरेतल्या चहाच्या टपरीवर बसून मला शिव्या द्यायचा. रोज. माझ्या कानावर यायचंच. ऐकून वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. शिव्या देतोय म्हणजे धड आहे, उभा आहे, असं मी स्वतःला सांगायचो. चार महिने असे गेले. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

जानेवारीत गोरेगावला एक रेडिएटर द्यायला आरेतून चाललो होतो. टपरीजवळ देवेशची जीप उभी होती. हुकांना शाळेची दप्तरं लटकत होती, पोरं बाजूला चिंचा पाडत होती. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. त्या चपला मी ओळखतो. सहदेवचा हात आता बरा झाला होता. वाकून बघितलं, तर त्या हातात तेलाची झारी होती आणि तो पुढच्या डाव्या रबराला थेंब सोडत होता.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मीच चारचौघांत सांगितलं होतं ना, तुझं काही चुकलं नाही? मग तो का थांबेल? बायको गेली, आता पुतण्याची गाडी सांभाळत होता बिचारा.

दुसऱ्या दिवशी देवेशला एकट्याला गाठलं. पूर्वी तो मला काका म्हणायचा, अहो-जाहो करायचा.

"देवेश, रबराला तेल घालू देऊ नकोस. रबर कुजतं. बुश एकदा उघडून बघ, पाहिजे तर दुसऱ्या कोणाकडे बघ."

"तू शिकवणार मला?" तो म्हणाला. "माझ्या काकीला खाल्लंस आणि आता काकाच्या हाताला नावं ठेवतोस? गिरणीत तेलवाला होता तो. चल निघ."

"अकरा पोरं असतात रे तुझ्या गाडीत."

"निघ म्हटलं ना!"

दोन मेकॅनिकांना फोन केले, म्हटलं तुम्ही तरी त्याला सांगा. एक हसला. दुसरा म्हणाला, "भीमराज, आता तुमचं कोण ऐकणार?" बरोबरच होतं. एक खोटं बोललो आणि ते इतकं छान बोललो की आता माझं खरं कोणी घेईना. मुलांच्या शाळेत जावं असं वाटलं, पण तिथे जाऊन काय सांगणार होतो? पुरावा ड्रॉवरमध्ये होता, आणि तो बाहेर काढायचा म्हणजे सहदेवसमोरच काढायचा.

तीन दिवस मी झोपलो नाही. चौथ्या दिवशी संघमित्रा म्हणाली, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. ड्रॉवरमधला बुश घेतला, दुकानातून एक नवा घेतला आणि सकाळी दहाला सहदेवच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. मला बघून तो उठला आणि हाताला लागेल ते शोधायला लागला. लाटणं सापडलं.

"मार," मी म्हटलं. "पण आधी हे बघ."

दोन्ही बुश जमिनीवर ठेवले, शेजारी शेजारी. नवा आणि तो. तो लाटणं धरून उभा राहिला, मग वाकला. आधी नवा उचलला, दाबला. कडक होता. मग दुसरा उचलला. अंगठा आत रुतला. त्याने बोट नाकाशी नेलं, जसं मी नेलं होतं. तेल ओळखायला त्याला माझ्याएवढा वेळही लागला नाही.

तीस वर्षं त्याच तेलात त्याचे हात होते.

"तू तेराव्याक सांगितलंस," तो म्हणाला, "तुझो हात चुकलो म्हणान."

"सांगितलं."

"मगे आज कित्याक इलंस?"

"देवेशच्या गाडीत अकरा पोरं बसतात दादा. मी त्याला सांगून बघितलं, तो ऐकत नाही. नाहीतर मेलो असतो तरी आलो नसतो."

त्याने मान हलवली. तो बुश अजून त्याच्या मुठीत होता.

"ह्यो मालनीच्या बाजूचो?"

ज्यात तो आणला होता ते फडकं मी घडी करायला लागलो, आणि त्याला कळलं. लाटणं त्याने उचलून जागेवर, पोळपाटाशी नेऊन ठेवलं. मग भिंतीकडे तोंड करून बसला. मी दुपारपर्यंत तिथेच होतो.

संध्याकाळी देवेशची जीप माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली. सहदेव शेजारी बसला होता. देवेश खाली मान घालून म्हणाला, "काका, सगळे बुश बदला." मी बदलले. चारही बाजूंचे, इंजिनाखालची रबरंसुद्धा. काढलेले बुश मऊ पडायला लागले होते, अजून दोन महिने काढले नसते. गाडी जमिनीवर उतरवली, वजन येऊ दिलं आणि मग बोल्ट आवळले. सहदेव स्टुलावर बसून एकेक बोल्ट बघत होता. शेवटी त्याने तेलाची झारी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही तुझ्याकडे ऱ्हवांदे."

नंतरच्या रविवारी त्याने टपरीवर सगळ्यांना गोळा केलं आणि हात जोडून सांगितलं की भीमाने माझ्यासाठी खोटं सांगितलं, गाडी माझ्या हातून गेली. माणसं रडली. कोणीतरी ते ग्रुपवर टाकलं. आता अंधेरीची पोरं परत यायला लागली आहेत, आल्यावर उगाच माझ्या पाया पडतात. धंदा पूर्वीपेक्षा जोरात आहे. संघमित्रा म्हणते, झालं ते चांगलं झालं, पोरं वाचली. मीही तेच म्हणतो. विहारात माझं चौथं शील आता अडत नाही.

सहदेव मला भेटतो तेव्हा गोड बोलतो. एवढं गोड तो कधीच बोलत नव्हता. टपरीवर जात नाही, खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. डॉक्टर म्हणतात, शरीरात काही नाही. संघमित्रा रोज डबा देते, मी दुपारी नेऊन ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी तो भरलेला डबा परत आणतो. देवेशच्या बायकोने भरवून बघितलं, मी बघितलं. दोन घास तोंडात धरतो आणि गिळत नाही. कंबरेची लुंगी आता दोरीने बांधावी लागते.

काल मी त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडले. म्हटलं, "दादा, मला खुनी म्हण, पाहिजे ते म्हण, पण खा." तो माझ्याकडे बघून मायेने हसला आणि म्हणाला, "तुझो काय दोष नाय रे भीमा." शिव्या देत होता तेव्हा निदान जेवत तरी होता.